अमेरिकी माध्यमे पक्षपाती आहेत हे मान्य केले, तरी पुढे काय?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर कशाचे देत आहे ते स्पष्ट राहील. आपली बहीण आणि मेहुणे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. मेहुण्यांनी सीएनएन आणि न्यूयॉर्क टाइम्स पूर्णपणे सोडले असून ते केवळ कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांच्या, भाष्यकारांचे पॉडकास्ट ऐकतात. त्यांतले तुकडे ते घरच्या ग्रुपवर पाठवतात आणि आपण शंका काढली की ‘तुम्ही पुण्यात बसून वाचता ते सगळे डाव्यांनी गाळून पाठवलेले असते’ असे सुनावतात. अमेरिकी माध्यमे खरोखरच इतकी एकतर्फी आहेत का, आणि असतील तर मेक्सिकोची सीमा, इराण, बायडेन यांची प्रकृती अशा विषयांवर या भाष्यकारांचे म्हणणे खरे मानावे का, असे आपण विचारता.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकाच वाक्यात विचारले जातात तिथेच गोंधळ सुरू होतो. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पहिल्यावरून निघत नाही. चांगला भाष्यकार पहिली गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध करतो आणि ऐकणाऱ्याची मान हलू लागली की त्याच ओघात दुसरी गोष्ट पुराव्याशिवाय गळी उतरवतो. ही जागा ओळखता आली की आपले बरेचसे काम होईल.

मी एका मराठी दैनिकाच्या परदेश डेस्कवर दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे मेहुण्यांच्या टोमण्यात किती तथ्य आहे ते आधी सांगतो, कारण तथ्य आहे. मराठी वाचकाला अमेरिका दिसते ती एपी, रॉयटर्स आणि एएफपी या वृत्तसंस्थांमधून, पीटीआयच्या वॉशिंग्टन प्रतिनिधीकडून आणि आपल्या इंग्रजी दैनिकांत पुनर्मुद्रित होणाऱ्या लेखांतून, आणि हे लेख बहुधा न्यूयॉर्क टाइम्स किंवा वॉशिंग्टन पोस्टचे असतात. उजव्या विचारांच्या नॅशनल रिव्ह्यूमधला लेख किंवा वॉल स्ट्रीट जर्नलचा अग्रलेख मराठीत क्वचितच उतरतो. शिवाय आमचे पान रात्री सुटते तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दुपार झालेली असते, त्यामुळे तिकडच्या दिवसाचा निम्मा भाग आमच्या पानावर येतच नाही आणि दुसऱ्या दिवशी तो शिळा म्हणून मागे पडतो. कोणी कट करून गाळलेले नसते. पण गाळलेले असते हे खरे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्य’ नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नाही. वॉल स्ट्रीट जर्नलचे संपादकीय पान मुक्त व्यापार आणि बळकट संरक्षण या जुन्या रिपब्लिकन भूमिकेवर ठाम आहे. ट्रम्प यांच्या आयातशुल्काला त्याने जानेवारी २०२५ मध्ये ‘इतिहासातील सर्वांत मूर्खपणाचे व्यापारयुद्ध’ असे मथळ्यातच म्हटले होते. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये काढलेले नॅशनल रिव्ह्यू वैचारिक नियतकालिक आहे. फॉक्स न्यूजचे संध्याकाळचे सूत्रधार ही वेगळी जात, आणि टकर कार्लसन, बेन शापिरो, मेगिन केली यांचे पॉडकास्ट ही आणखी वेगळी. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ला करावा की नाही यावरून या मंडळींत उघड भांडण झाले. फॉक्सचे भाष्यकार मार्क लेव्हिन हल्ल्याच्या बाजूने, कार्लसन आणि ट्रम्प यांचे एकेकाळचे सल्लागार स्टीव्ह बॅनन विरोधात. कार्लसन यांनी तर सिनेटर टेड क्रूझ यांना समोर बसवून इराणची लोकसंख्या किती आहे असे विचारून अडचणीत आणले. तेव्हा मेहुणे नेमके कोणाचे ऐकतात, हे आधी विचारून घ्या. बाकी सगळे त्यावर ठरेल.

या तक्रारीला इतिहास आहे आणि तो माहीत नसेल तर उजव्या भाष्यकारांचा राग आपल्याला नाटकी वाटतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये उपाध्यक्ष स्पिरो अॅग्न्यू यांनी आयोवातील डे मॉइन येथे भाषण करून, मूठभर लोक न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये बसून साऱ्या देशाने कोणत्या बातम्या पाहाव्यात हे ठरवतात असा आरोप केला. तेव्हा दूरचित्रवाणीच्या तीनच मोठ्या वाहिन्या होत्या आणि एकाच पिठातून निघालेल्या भाकऱ्यांसारख्या त्यांच्या बातम्या असत, त्यामुळे आरोप निराधार नव्हता. १९४९ पासून लागू असलेला, वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजूंना जागा देण्याचा प्रसारण नियम १९८७ मध्ये रद्द झाला, पुढच्याच वर्षी उजवे भाष्यकार रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी रॉजर एल्स यांच्या हाती फॉक्स न्यूज दिले. माध्यमांवरची टीका हाच एका मोठ्या माध्यम व्यवसायाचा पाया झाला. पोटापाण्याचा प्रश्न तिथे गुंतला आहे, हे ऐकताना ध्यानात ठेवावे.

पत्रकारांच्या राजकीय कलाबद्दल मोजमापही उपलब्ध आहे. अमेरिकी पत्रकारांची साधारण दशकागणिक जी अभ्यासपूर्ण पाहणी होते, तिच्यात १९७१ मध्ये चारांतला एक जण स्वतःला रिपब्लिकन म्हणवत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण ३.४ टक्के उरले, डेमोक्रॅट ३६.४ टक्के होते आणि निम्म्याहून थोडे अधिक स्वतःला अपक्ष म्हणवत होते. एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये लिहिले की, त्यांच्या वॉशिंग्टनमधील संपादकीय विभागात मतदार नोंदणीनुसार ८७ डेमोक्रॅट होते आणि रिपब्लिकन एकही नव्हता. लेख छापून आल्यावर त्यांना निलंबित करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

मतदार नोंदणीवरून बातमी खोटी ठरत नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांची राजकीय मते मला पसंत नव्हती, पण त्यांच्या बातमीचा मजकूर निर्दोष असे. नुकसान होते ते आणखी आधी, सकाळच्या बैठकीत, जिथे ‘यात बातमी काय आहे?’ हा प्रश्न विचारला जातो. खोलीतल्या सगळ्यांना एकच गोष्ट क्षुल्लक वाटत असेल, तर ती गोष्ट कोणी दाबत नाही. ती कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून मी पक्षपात छापलेल्या वाक्यांत कमी शोधतो आणि न छापलेल्या बातम्यांत जास्त शोधतो. उजव्या भाष्यकारांचा खरा उपयोग याच ठिकाणी आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ज्यो बायडेन यांचे पुत्र हंटर बायडेन यांच्या लॅपटॉपचे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी, मतदानाला तीन आठवडे उरले असताना, न्यूयॉर्क पोस्टने त्या लॅपटॉपमधील ईमेलवर आधारित बातमी दिली. ट्विटरने त्या बातमीचा दुवा पाठवण्यावरच बंदी घातली आणि वृत्तपत्राचे खाते गोठवले. फेसबुकने तिचा प्रसार कमी केला. १९ ऑक्टोबरला ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्रक काढून या प्रकरणाला रशियन कारवाईची सगळी लक्षणे असल्याचे म्हटले. त्याच पत्रकात, रशियाच्या सहभागाचा पुरावा आमच्याकडे नाही, असेही स्पष्ट लिहिले होते. मथळ्यात पहिला भाग गेला आणि दुसरा मजकुरात राहिला. २२ ऑक्टोबरच्या नॅशव्हिल येथील वादचर्चेत बायडेन यांनी त्याच पत्रकाचा आधार घेतला. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या दोघांनी त्यांतील काही ईमेल अस्सल असल्याचे मान्य केले, आणि जून २०२४ मध्ये डेलावेअरमधील खटल्यात सरकारी पक्षाने तोच लॅपटॉप पुरावा म्हणून न्यायालयात मांडला. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनीही ती बंदी चूक होती असे नंतर सांगितले.

इथपर्यंत मेहुण्यांची बाजू शंभर टक्के खरी आहे, आणि डाव्या विचारांच्या एखाद्या मित्राला ती मान्य नसेल तर त्याने तारखा पुन्हा तपासाव्यात. पण आता उडी कुठे येते ते पाहा. ‘लॅपटॉप खरा होता, तो दडपला गेला’ इथून अनेक कार्यक्रम ‘म्हणजे ज्यो बायडेन यांनी युक्रेनमधील बुरिस्मा कंपनीकडून लाच घेतली’ इथे जाऊन पोहोचले. त्या लाचेचा ठोस आरोप एफबीआयच्या अलेक्झांडर स्मिर्नोव्ह या खबऱ्याच्या जबानीवर उभा होता. पिता-पुत्रांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दिल्याची ती गोष्ट होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले आणि वर्षाअखेरीस त्याने गुन्हा कबूल केला. लॅपटॉपची बातमी दडपली गेली हे त्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र दडपलेली गोष्ट जितकी होती तितकीच होती; दडपल्यामुळे ती मोठी झाली नाही.

बायडेन यांच्या प्रकृतीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि मला ते अधिक शिकवणारे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात त्यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला तेव्हा बराचसा रोष हर यांच्यावरच निघाला. ४ जून २०२४ रोजी वॉल स्ट्रीट जर्नलने बंद दाराआडच्या बैठकांत बायडेन यांची घसरण दिसते अशी सविस्तर बातमी दिली, आणि तिलाही पक्षपाती ठरवले गेले. त्याच महिन्यात इटलीतील जी-सात परिषदेची एक चित्रफीत उजव्या वर्तुळात फिरली, ज्यात बायडेन भरकटल्यासारखे चालताना दिसतात; मूळ चित्रफितीत ते बाजूला उतरलेल्या छत्रीधारी सैनिकाकडे वळलेले होते आणि फिरणाऱ्या तुकड्यात चौकट कापून तो सैनिक वगळला होता. व्हाइट हाउसने अशा चित्रफिती खोट्या असल्याचे सांगितले आणि बहुतेक वृत्तपत्रांनी त्यावरच बातम्या केल्या. मग २७ जूनची अटलांटाची वादचर्चा झाली, तिच्यात बायडेन सर्वांसमोर अडखळले, आणि २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली.

या प्रकरणात पुरावा वाईट होता आणि निष्कर्ष बरोबर होता. पत्रकारांनी चित्रफितीतली लबाडी पकडली, ते त्यांचे कामच होते, पण एक खोटा पुरावा पकडल्याच्या समाधानात मूळ प्रश्नाचा शोध घेणे त्यांनी थांबवले. भाष्यकारांनी नंतर ‘आम्ही बरोबर ठरलो’ असे म्हणून कापलेल्या चित्रफितीही पावन करून घेतल्या. डेस्कवर आम्ही पुरावा आणि निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासायला शिकतो. घरी ऐकताना हे जड जाते, कारण आवाज एकच असतो आणि तो थांबत नाही.

आता सीमेकडे येतो, कारण टेक्सासमध्ये राहणाऱ्या माणसाला हा विषय टीव्हीवरून कळत नाही. मार्च २०२१ मध्ये बायडेन यांनी पत्रकार परिषदेत, हिवाळ्याच्या महिन्यांत येणाऱ्या स्थलांतरितांत अशी वाढ दरवर्षी होतेच, असे सांगितले आणि काही काळ हाच सूर राष्ट्रीय माध्यमांत होता. आकडे मात्र उतरले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये संपलेल्या अमेरिकी आर्थिक वर्षात नैऋत्य सीमेवर सुमारे २४ लाख ८० हजार वेळा लोकांना अडवल्याची नोंद झाली, आणि डिसेंबर २०२३ या एका महिन्यात सीमा पोलिसांनी अडीच लाखांच्या आसपास लोक पकडले. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी एप्रिल २०२२ पासून स्थलांतरितांना बसमध्ये बसवून आधी वॉशिंग्टनला, मग न्यूयॉर्क आणि शिकागोला पाठवायला सुरुवात केली तेव्हा तो क्रूर देखावा असल्याची टीका झाली. देखावा होताच. परंतु टेक्सासच्या सीमेवरील ईगल पास आणि एल पासो येथे जे प्रश्न आधीपासून पेटलेले होते, ते मॅनहॅटनमधल्या हॉटेलांच्या दारात आले तेव्हाच पहिल्या पानावर आले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट महापौर एरिक अॅडम्स यांनीच या प्रश्नाने शहराचा नाश होईल असे म्हटले. बातमीदार जिथे राहतात तिथे बातमी राहते, ही आमच्या व्यवसायातली जुनी खोड आहे. मुंबईत दोन तास पाऊस पडला की आठ कॉलम, आणि मराठवाड्यात दुष्काळाचा तिसरा महिना असला की आतले पान, हे आपण पाहतोच.

पण आकडा हातात आल्यावर भाष्यकार त्याचे काय करतात तेही पाहावे लागते. ती २४ लाख ८० हजार संख्या माणसांची नाही, अडवल्याच्या प्रसंगांची आहे. मार्च २०२० पासून ११ मे २०२३ पर्यंत आरोग्याच्या कारणाखाली लोकांना शिक्षेशिवाय लगेच परत पाठवले जात असे, त्यामुळे तोच माणूस पुन्हा पुन्हा प्रयत्न करी आणि प्रत्येक वेळी नव्याने मोजला जाई. अधिकृत नाक्यावर वेळ घेऊन रीतसर आलेलेही त्यात धरलेले आहेत. उलट बाजूने, जे दिसले पण पकडले गेले नाहीत किंवा दिसलेच नाहीत, ते या आकड्यात नाहीत. त्यामुळे ‘एका वर्षात पंचवीस लाख घुसले’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि ‘हा सगळा बागुलबुवा आहे’ हेही चुकीचेच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटमध्ये ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड यांनी वाटाघाटी करून सीमेविषयीचे विधेयक आणले. सीमा पोलिसांच्या संघटनेने आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या संपादकीय पानाने त्याला पाठिंबा दिला. ट्रम्प यांनी विरोध केला आणि ते बारगळले. विरोधाची वैचारिक कारणे देता येतील, उदाहरणार्थ अध्यक्षांकडे असलेले अधिकार वापरले असते तर नव्या कायद्याची गरजच नव्हती, आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात सीमा पोलिसांनी पकडलेल्यांची संख्या २ लाख ३८ हजारांच्या आसपास, म्हणजे १९७० नंतरची सर्वांत कमी झाली, तेव्हा या युक्तिवादाला बळही मिळाले. त्याच वेळी, ही घसरण मेक्सिकोने केलेली कडक अडवणूक आणि बायडेन यांचा जून २०२४ चा आश्रयासंबंधी आदेश यांपासून, म्हणजे ट्रम्प परत येण्याआधीच, सुरू झाली होती. मेहुण्यांच्या पॉडकास्टमध्ये हे दुसरे वाक्य कधी येते का, ते ऐका. येत असेल तर तो भाष्यकार ऐकण्याजोगा आहे.

सुरक्षेच्या विषयात आणखी एक अडचण असते: पहिली माहिती जवळजवळ नेहमीच फुटलेली किंवा जाहिरातीची असते. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सात बी-टू बॉम्बफेकी विमानांनी १४ अवजड बॉम्ब टाकून फोर्दो आणि नतान्झ येथील इराणी अणुकेंद्रांवर हल्ला केला, तर इस्फहानवर पाणबुडीतून क्षेपणास्त्रे डागली गेली. ट्रम्प यांनी केंद्रे नामशेष झाल्याचे सांगितले. दोन दिवसांत सीएनएनने संरक्षण गुप्तचर विभागाच्या प्राथमिक मूल्यमापनाच्या आधारे बातमी दिली की इराणचा कार्यक्रम काही महिनेच मागे गेला आहे. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी पत्रकारांना देशद्रोहीच ठरवायचे बाकी ठेवले, आणि त्यांच्या रोषातून फॉक्सच्या जेनिफर ग्रिफिन यादेखील सुटल्या नाहीत. जुलैच्या सुरुवातीला पेंटागॉनच्या प्रवक्त्यानेच एक ते दोन वर्षे असा अंदाज सांगितला. तो ‘नामशेष’पेक्षा कमी आणि ‘काही महिन्यां’पेक्षा जास्त आहे. फुटलेले मूल्यमापन प्राथमिक आणि कमी खात्रीचे होते हे मूळ बातम्यांत आले होते, मथळ्यांत आले नव्हते. अशा बातमीत मी आधी एवढेच पाहतो की मूल्यमापन कोणत्या टप्प्यावरचे आहे आणि त्यावर खात्रीचा कोणता शिक्का आहे. हे नसेल तर ती बातमी मी सिंगल कॉलममध्ये लावत असे.

‘डावी माध्यमे आपल्या माणसांना सांभाळतात’ हे विधानही सरसकट टिकत नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये बायडेन प्रशासनाने केलेला ड्रोन हल्ला संयुक्त सेनादलप्रमुखांनी न्याय्य असल्याचे सांगितले होते. तो एका निरपराध कुटुंबावर पडला होता आणि सात मुलांसह दहा नागरिक मेले होते, हे न्यूयॉर्क टाइम्सनेच चित्रफिती तपासून उघडकीस आणले, आणि पेंटागॉनला तीन आठवड्यांच्या आत कबुली द्यावी लागली. दुसऱ्या बाजूला फॉक्स न्यूजने डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीला एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्या खटल्यात बाहेर आलेल्या संदेशांवरून दिसले की पडद्यावर २०२० च्या निवडणुकीतील मतचोरीच्या आरोपांना जागा देणारे सूत्रधार खासगीत त्यांची टर उडवत होते. न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी डोमिनियनबद्दलचे ते एकही विधान खरे नव्हते, असे निकालपत्रात नोंदवले. पक्षपात म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी टाइम्सच्या अग्रलेखाआधी या खटल्याची कागदपत्रे दाखवीन, कारण एनपीआरच्या बैठकीत बसलेल्यांना आपण जे सांगतो ते खरे वाटत होते. इथे सांगणाऱ्यांनाच ते खरे वाटत नव्हते.

आणखी एक बदल मेहुण्यांच्या जुन्या मांडणीत बसत नाही. ही मांडणी सत्ताधारी डावी माध्यमे विरुद्ध बाहेरचे उजवे अशी होती. आता सत्ता उजवीकडे आहे. एबीसी वाहिनीने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली, सीबीएसच्या मालक कंपनीने जुलै २०२५ मध्ये १ कोटी ६० लाख दिले, त्याच महिन्यात सार्वजनिक प्रसारणाचा १ अब्ज १० कोटी डॉलरचा निधी काँग्रेसने काढून घेतला, आणि ऑक्टोबरमध्ये प्रस्थापित माध्यमांच्या टीकाकार बारी वाइस सीबीएस न्यूजच्या मुख्य संपादक झाल्या. सप्टेंबरमध्ये उजवे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या निर्घृण हत्येनंतर एबीसीवरील विनोदी कार्यक्रमाचे सूत्रधार जिमी किमेल यांच्या शेऱ्यावरून प्रसारण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी वाहिनीला जाहीर इशारा दिला, तेव्हा टेड क्रूझ यांनी ही माफियाची भाषा असल्याचे म्हटले. पेंटागॉनने पत्रकारांसाठी नवे निर्बंध आणले तेव्हा फॉक्स आणि न्यूजमॅक्स या उजव्या वाहिन्यांनीही ते स्वीकारण्यास नकार दिला. २०२० मध्ये ट्विटरने बातमी दाबली म्हणून ज्यांनी ओरड केली, त्यांतले कोण २०२५ मध्येही त्याच आवाजात बोलले, हे मी पाहतो. ज्याला तत्त्वाची किंमत स्वतःच्या बाजूकडून मोजावी लागली आणि तरी त्याने ती मोजली, त्याच्या इतर विधानांनाही माझ्या लेखी वजन येते.

हे प्रत्यक्षात कसे करावे, याबद्दल थोडे. मेहुणे पुढचा तुकडा पाठवतील तेव्हा त्यावर टाइम्सचा दुवा पाठवू नका. तो ते उघडणार नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही आहे. त्याऐवजी त्या तुकड्यातले तपासता येण्याजोगे एकच विधान निवडा. आकडा असेल तर तो सीमाशुल्क व सीमा सुरक्षा खात्याच्या मासिक तक्त्यात सापडतो. आरोप असेल तर न्यायालयात शपथेवर कोणी काय सांगितले ते पाहा; कॅमेऱ्यासमोर छातीठोक बोलणारी माणसे शपथ घेतल्यावर किती जपून बोलतात, हे पाहण्यासारखे असते. आणि मतच असेल, तर त्याच्या विरोधातले सर्वांत चांगले मत जर्नलच्या संपादकीय पानावर किंवा नॅशनल रिव्ह्यूमध्ये शोधा. ते जवळजवळ हमखास मिळते, आणि ते ‘डाव्यांचे’ म्हणून फेकून देता येत नाही.

आपल्या घराला जिथे थेट झळ बसते तिथे मात्र मी कोणत्याच बाजूच्या भाष्यावर विसंबणार नाही. एच-वन-बी व्हिसाचे उदाहरण घ्या, ज्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मंजूर अर्ज भारतीयांचे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी या व्हिसाच्या बाजूने होते, तर बॅनन आणि ट्रम्पसमर्थक कार्यकर्त्या लॉरा लूमर विरोधात. म्हणजे ज्या गटाला मेहुणे आपला मानतात त्यातला एक भाग त्यांनी तिथे राहावे याच्याच विरोधात होता, हे त्यांच्या लक्षात आले आहे की नाही मला कल्पना नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी या व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी ते दरवर्षी भरावे लागेल असे सांगितले, कंपन्यांनी सुटीवर आलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत बोलावले, आणि पुण्या-हैदराबादेतल्या अनेकांनी मिळेल त्या भावात विमानाची तिकिटे काढली. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की शुल्क एकदाच आहे, ते नव्या अर्जांना लागू आहे आणि सध्याच्या व्हिसाधारकांच्या ये-जा करण्यावर त्याचा परिणाम नाही. नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने त्याच दिवशी ज्ञापनही काढले. त्या रात्री पॉडकास्ट चालू होते, सीएनएन चालू होते, आमचेही पान चालू होते. बहिणीच्या व्हिसाबद्दल पुन्हा असे काही घडले, तर त्या विभागाचे ज्ञापन निघेपर्यंत थांबा, आणि तिच्या कंपनीच्या स्थलांतर वकिलाला लेखी विचारायला सांगा.